फळीपलीकडची घोरपड

"झोपवला! परत झोपवला माझा बैल!" जालिंदरनं जॉयस्टिक मांडीवर आपटली.

विट्यात नाथाजीच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दोन टीव्ही होते आणि मधोमध प्लायवुडची उंच फळी. फळीच्या अलीकडे पोरं, पलीकडे बायका-मुली. त्यांचं दारही वेगळं, मागच्या बोळातून. खेळ मात्र दोन्हीकडे एकच. इकडून एकानं जनावर निवडायचं, तिकडून दुसऱ्यानं, आणि झुंज लावायची. पडद्यावरची अक्षरं चिनी की जपानी, हे सत्त्याण्णव साली विट्यात कुणाच्या बापाला कळणार? पोरांनी जनावरांना आपली नावं ठेवून दिली होती.

डोकं फिरवणारी जनावरं तशी पुष्कळ होती. डोळ्यांत माती उडवणारं मुंगूस होतं. एकाची सात रूपं करून नाचणारं वटवाघूळ होतं. पण त्यांना निदान लढायची हौस तरी होती. फळीपलीकडची घोरपड लढतच नसे. समोरच्याला झोपवायची, विष चढवायची, आपल्या जखमा चाटून बऱ्या करायची आणि गप्प बसून राहायची. समोरचा आपोआप मरायचा. बाकीच्या पोरांनी कधीच हात टेकले होते. जालिंदर मात्र रोज यायचा, रोज हरायचा आणि रोज तिला शिव्या घालत घरी जायचा.

"कोण हाय रं ती, नाथाजी?"

"नाव सांगायचं न्हाई गड्या. सांगितलं तर बायका यायच्या बंद हुतील."

"सांगलीची कॉलेजवाली असंल. एवढा आगाऊपणा हितल्या पोरीत न्हाई."

नाथाजीनं पंखा वाढवला आणि दुसऱ्या पोराला आत घेतलं.

घरी वेगळीच झुंज चालू होती. जालिंदरचे वडील, कृष्णात, सोनं गाळायचं काम करायचे. कोइमतूरला त्यांचं गलाईचं दुकान होतं. विट्यात घरटी एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या शहरात भट्टीपुढं बसलेला. ते जत्रेला आले होते, आणि या खेपेला बारावीला दोनदा आपटलेल्या पोराला घेऊनच जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मी येणार न्हाई," जालिंदर जेवता जेवता म्हणाला. "साखळदंड बांधून न्या, तरी न्हाई."

"मग हितं काय करणार? त्या घोरपडीच्या नावानं बोटं मोडणार?"

"खेळाचंच दुकान काढीन. आन आईला एकटी टाकून मी कुटं जाणार न्हाई."

बनाबाई, त्याची आई, चुलीपुढं भाकरी थापत होती. अंगठ्याला फोड आला होता म्हणून जपून पलटत होती. तिनंही काही वर्षं कोइमतूरच्या खोलीत काढली होती. भाषा येत नसल्यानं शेजारच्या पोरांच्या खेळांत बसूनच दिवस ढकलले, असं सांगायची. आता नवऱ्यावाचून इथं घर सांभाळत होती, आणि कुणाशी आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आवं," ती म्हणाली, "एवढं म्हणतोय तर एक संधी द्या की. घोरपडीला हरवलं तर ऱ्हाऊ दे हितं. न्हाई हरवलं तर मुकाट्यानं यील तुमच्यासंगं."

कृष्णातांनी घास तसाच धरून बायकोकडं पाहिलं. मग म्हणाले, "कुस्ती निकाली पायजे. बरोबरी चालणार न्हाई."

"निकालीच!" जालिंदर ओरडला. आईनं बापापुढं आपली बाजू घेतली, याचं त्याला भरून आलं. आता तर हरणं शक्यच नव्हतं. तिच्यासाठी तरी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई नेहमीसारखी भजनाला निघाली. जाताना तिनं त्याच्या हातावर दही ठेवलं. "जीव लावून खेळ," म्हणाली.

पार्लरमध्ये पोरांची ही गर्दी. नाथाजीनं फळीवरून ओरडून पलीकडं आव्हान सांगितलं. पलीकडून फळीवर एक टकटक झाली. ठरलं.

जालिंदरनं आपला आगीचा बैलच घेतला. पण आज तो चिडला नाही. बैल झोपला, तो थांबला. विष चढलं, त्यानं दात खाल्ले आणि थांबला. घोरपड जखमा चाटायला वळली की तेवढ्या वेळात तो शिंग मारी आणि मागं सरे. असं करत करत घोरपडीचा जीव एका रेघेवर आला. पोरं बाकांवर चढली. दारात कृष्णात उभे होते. जालिंदरनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की एकटेच जावा कोइमतूरला.

आणि तेवढ्यात, आजवर कधीच हल्ला न केलेली घोरपड उठली. तिनं बैलाच्या नरड्याचा चावा घेतला. एकच. बैल कोसळला.

जालिंदरच्या हातातोंडाशी आलेलं सगळं गेलं होतं.

"मी असा जाणार न्हाई!" तो उठला तसं स्टूल उलटलं. "जाईन तर हिचं तोंड बघूनच जाईन!"

नाथाजी आडवा आला, त्याला त्यानं ढकलून दिलं. बोळातून वळसा घालून त्यानं बायकांच्या बाजूचं दार धाडकन उघडलं.

आत एकटी बनाबाई बसली होती. तिनं जॉयस्टिक खाली ठेवली, पदर सारखा केला आणि डोळे पुसत उठली. "चल," ती म्हणाली, "तुझी बॅग मी कालच भरलीया."