कस्तुराबाईंची सही

ती पोरगी माणसाच्या तोंडाकडे बघतच नव्हती. हातांकडे बघायची. कस्तुराबाईंचा सगळा राग त्यावर होता.

"माणूस बोलतंय आन् हिचा डोळा त्याच्या बोटांवर," त्या शेजारच्या खाटेवरच्या सुभद्राबाईंना म्हणाल्या. "सासूनं सुनेच्या बांगड्या मोजाव्यात तशी. सकाळधरनं खुर्चीत बसलीय, इकडची काडी तिकडं करील तर शपथ!"

सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांच्या अंगात ताप होता.

पोरीचं नाव वर्षाली. इस्पितळातले जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे कसे जातात, याचं संशोधन करायला ती महिन्यापूर्वी पिंपळे गुरवच्या त्या इस्पितळात आली होती. कोण हात धुतं, कोण नुसतेच ओले करतं, सगळं ती हातातल्या टॅबवर टिपायची. कस्तुराबाई त्या टॅबला पाटी म्हणायच्या. डॉक्टरसुद्धा पाटीला विचारून औषध लिहायचे. हे औषध ह्या बाईला चालेल, हे चालणार नाही, असं पाटीच सांगायची. पाटीचा मान मोठा होता.

वॉर्ड चार खाटांचा. चौघींचे गुडघे बदललेले. दहा दिवसांत तिघींच्या जखमा पिकल्या, आणि तिघींच्या पुवात जंतू एकच निघाला. सुभद्राबाईंचा तर नवा बसवलेला सांधा उद्या परत काढायचा होता. एकट्या कस्तुराबाईंचा गुडघा तेवढा कोरडा, खणखणीत.

"तळवड्याच्या मातीतलं हाड हाय," त्या डॉक्टरांना ऐकवायच्या.

रोज सकाळी वर्षाली खाटेखाटेशी जायची. पाटीवर पाच चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. पेशंटला ताठ बसवत नसे, म्हणून ती पाटी दुखऱ्या पायावरच टेकवून धरायची. आज किती दुखतंय, त्या चेहऱ्यावर बाईनं बोट ठेवायचं. झालं.

पहिल्याच दिवशी कस्तुराबाईंनी पाटी परत लोटली होती.

"बोट आमी टेकवत न्हाई. कागद आण. सही करते."

"आजी, अंगठा नाही घेत मी. नुसतं बोट लावायचंय."

"अंगठा काय आन् बोट काय, एकाच हाताची भावंडं. माझ्या सासऱ्यानं कंपनीच्या कागदावर अंगठा दिला, आन् वरचं शेत गेलं. त्या अंगठ्याच्या वर काय लिहिलं हुतं, ते त्यांना मरेपत्तोर कुणी सांगितलं न्हाई. चाळिशीत लेकीच्या शेजारी बसून मी सही शिकले. ती काय उगं?"

तेव्हापासून त्यांच्या एकटीसाठी रोज कागद यायचा. चेहरा वर्षाली काढायची. खाली कस्तुराबाई आपल्या उशीखालच्या पेनानं सही करायच्या, सावकाश, प्रत्येक अक्षराला रेघ देऊन.

अकराव्या दिवशी दुपारी वॉर्डातली मावशी सरूबाई पुसायचं फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. डोळे लाल.

"काय गं सरू?"

"माझं नाव निघालं, आक्का. सगळ्यांत कमी हात मी धुते म्हणं. संध्याकाळी कागद वर गेला की उद्यापासून येऊ नको."

"धुतेस का कमी?"

सरूबाईनं खाली बघितलं. "चार खाटा, चार भांडी, वर जिना. प्रत्येक वेळेला नळापाशी कसं जमावं? पण मी कुणाच्या जखमेला हात लावत न्हाई, आक्का. लेकराची शपथ."

कस्तुराबाईंनी आपल्या कोरड्या गुडघ्यावरून हात फिरवला.

थोड्या वेळानं वर्षाली आली. आधी सुभद्राबाईंच्या पायाशी थांबली, त्यांचं बोट रडक्या चेहऱ्यावर ठेवून घेतलं. मग कस्तुराबाईंच्या खाटेशी येऊन स्टुलावर बसली.

"आजी, एक विचारू? तुम्हाला काहीच कसं झालं नाही? तुम्ही वेगळं काय करता?"

"म्हंजे?"

"जेवण तेच, पाणी तेच, डॉक्टर तेच. तुम्ही अंगाला काही लावता? घरून काही आणता?"

"घरनं लेक येतो, तोंड घिऊन. दुसरं काय न्हाई." कस्तुराबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "सरू माझं बी अंग पुसते. रोज. मग तिच्या हातानं मला का न्हाई झालं?"

वर्षालीचं पाटीवरचं बोट थांबलं. "तेच तर मला कळत नाहीये. आकडे सगळे सरूमावशींकडे बोट दाखवतात. फक्त तुमची खाट त्यात बसत नाही."

"मंग आकडे परत मोज."

"तीनदा मोजले, आजी. डॉक्टरांचे हात, सिस्टरांचे, मावशींचे, भेटायला येणाऱ्यांचे. एकही हात सुटलेला नाही." तिचा आवाज खरोखर दमलेला होता. "संध्याकाळी अहवाल द्यायचाय. तुमचा आजचा चेहरा तेवढा राहिलाय."

"कागद?"

"संपले हो. आजच्या दिवस तेवढं बोट लावा ना. शेवटचंच."

आणि बोलता बोलता तिनं पाटी कस्तुराबाईंच्या पायाकडे नेली. काच खिडकीच्या उजेडात आली. तिच्यावर बोटांचे ठसे होते, एकावर एक, तेलकट. खालच्या कडेला, ती पायावर टेकते तिथं, पुवाचा पिवळा डाग वाळला होता.

कस्तुराबाईंनी तिचं मनगट धरलं. पाटी गुडघ्यापासून वीतभर वर थांबली. त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं, मग पलीकडच्या दोघींकडे, मग दारात फडकं घेऊन उभ्या असलेल्या सरूकडे.

"सरूचं नाव खोड," त्या म्हणाल्या. "साऱ्या वॉर्डाचे हात मोजलेस, पोरी. ह्या पाटीला पाणी कधी दावलंस?"