भाऊरावांचं पान

“जिलेबीवाल्यांचं नाव घेतलंय,” मुग्धा म्हणाली. “आता फक्त भाऊरावांचं पान राहिलं.”

खाप्याच्या पलीकडच्या पिंपळडोह गावाने आपल्या इतिहासाचं पुस्तक शहरात धरमपेठेत राहणाऱ्या मुग्धाकडे सोपवलं, तेव्हापासून गावात जो तो नामवंत झाला होता. एका बैठकीत दीड किलो जिलेबी संपवणाऱ्यालाही पुस्तकात जागा हवी होती. पहिल्या पानाबद्दल मात्र वाद नव्हता. तीस वर्षांपूर्वी कन्हान नदीच्या पुरात नऊ जणांना पाठीवर घेऊन काठाला लावणारे आणि दहाव्या खेपेला बुडालेले भाऊराव त्या पानावर हवेत, हे ठरलेलंच होतं.

त्यांच्या पत्नीचा, रुखमाबाईंचा, गावातला सगळा मान त्या एका गोष्टीवर उभा होता. पंधरा ऑगस्टला शाळेत पहिली खुर्ची त्यांची. पण पुस्तकाच्या समितीचा नियम आडवा आला. साक्षीदार नसेल तर पान नाही.

म्हणूनच भाऊरावांचे धाकटे भाऊ रूपराव सकाळपासून घराच्या ओसरीवर ताटकळत बसले होते. मे महिन्यातही कुडत्याचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं.

“भेटलं का कोनी?” त्यांनी विचारलं.

“त्या नऊ जणांतल्या यमुताई तेवढ्या भेटल्या. पहाटेच्या अंधारात वाचवणाऱ्याचं तोंड दिसलं नाही म्हणाल्या. पण पाठीवर असताना भीतीनं त्यांनी त्याच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. दात पार रुतले होते. अजून लाज वाटते म्हणतात.”

रूपरावांचा जीव भांड्यात पडला.

“मंग दादाच तो. त्या पान्यात दुसरं कोन उतरन? मी तं वरच्या देवळात लपून बसलो होतो. माह्यं भेकडपन बी लिवा तुमी, पन दादाचं पान काढू नका.”

मुग्धाला त्या माणसाची कीव आली. स्वतःची नाचक्की इतक्या सरळपणे सांगणारा माणूस तिला या गावात दुसरा भेटला नव्हता. तिने त्यांचं बोलणं शब्दन्‌शब्द लिहून घेतलं आणि भाऊरावांचा फोटो मागितला.

“आनतो,” म्हणत रूपराव लगबगीने आत गेले.

रुखमाबाई इतका वेळ ओसरीच्या कोपऱ्यात चिंच फोडत होत्या. आत पेटीचं झाकण वाजलं तशा त्या जवळ सरकल्या.

“दुसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला, खापरखेड्याकडे सापडले हे. शेवटची आंघोळ घालताना मीच पानी टाकलं, पोरी. दोन्ही खांदे कोरे होते.”

मुग्धा लिहिलेलं खोडायला गेली.

“लिवलं तसंच राहू दे. अन् रूपरावले नको सांगू वं, मले ठाऊक हाय म्हून,” रुखमाबाई म्हणाल्या. “तीस वर्सं झाली, तो बिचारा भर उन्हाळ्यात बी माह्यापुढं कुडतं काढत नाही.”