दिल्लीहून आलेला शब्द

डॉक्टरांनी जयसिंहरावांची नाडी सोडली आणि कुमुदिनीला खुणेनंच मांडवाच्या मागे बोलावलं.

"भाभीजी, अब इनकी जिद छुड़वाइए," ते हळू आवाजात म्हणाले. "मूत्रपिंडं थकलीत. यापुढे माझ्या हातात काही नाही."

बाड्यावर, भर चौकात, घोषणा चालूच होत्या. "राजधानी नहीं जाएगी!"

मध्य भारत राज्य मोडणार, त्या जागी नवं राज्य होणार आणि त्याची राजधानी भोपाळला जाणार, हे ठरल्यापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुसरा विषय नव्हता. सचिवालय गेलं की कारकुनांची घरं उठणार, त्यांच्यावर चालणारी दुकानं बसणार. निम्मी दफ्तरं ग्वाल्हेरला राहतील असा शब्द दिल्लीहून मिळेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं जयसिंहरावांनी भर सभेत जाहीर केलं होतं.

ते बोलले म्हणजे करणारच. वाडवडील दरबारच्या फौजेत, पण हा मुलगा दरबाराविरुद्ध उभा राहून तुरुंगात गेला. माफी लिहून दे, सोडतो, असं सांगितलं तेव्हा हसला. तेव्हापासून गावाचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास होता. कुमुदिनीचाही.

ती उशाशी जाऊन बसली. "अहो, घोटभर सरबत तरी घ्या."

"लोकांना शब्द दिलाय, कुमुद. तो मोडून जगण्यात काय राहिलं?" आवाज जेमतेम फुटत होता.

तेवढ्यात रघुनाथराव आले. वकील, आमदार, आणि तुरुंगात एकाच कोठडीत दिवस काढलेला जयसिंहरावांचा मित्र. जयसिंहरावांनी सगळ्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. दोघं बराच वेळ बोलत होते. रघुनाथराव बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"तुमचंही ऐकत नाहीत ना, भाऊजी?"

ते तसेच टांग्यापर्यंत चालत गेले, थांबले, आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "वहिनी, एक मार्ग आहे. मी दिल्लीला जातो. परत येऊन सांगतो की शब्द मिळाला."

"मिळेल?"

"नाही मिळणार."

कुमुदिनीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं टांग्याच्या दांडीला धरलं.

"उद्या खरं बाहेर आलं तर?"

"तर मी खोटा ठरेन. तो नाही. पण तुमचा होकार असेल तरच जाईन."

मांडवातून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, संपत आलेला.

"जा," ती म्हणाली.

रघुनाथराव दिल्लीहून परतले ते थेट मांडवात. ध्वनिक्षेपकासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की शब्द मिळाला आहे, निम्मी दफ्तरं इथंच राहतील. लोक नाचायला लागले. जयसिंहरावांनी हात वर केला तशी सगळीकडे शांतता झाली.

"रघुनाथ, शब्द पक्का?"

रघुनाथराव त्यांच्याकडे बघत राहिले. "पक्का."

कुमुदिनीनं मोसंबीच्या रसाचा पेला त्यांच्या ओठांना लावला. "हळू, हळू," डॉक्टर म्हणत होते, तोवर पेला रिकामा झाला होता.

नोव्हेंबर लागला आणि फायलींनी भरलेले ट्रक भोपाळच्या रस्त्याला लागले. लोक विचारायला लागले. असा शब्द आम्ही कोणालाच दिला नव्हता, असं दिल्लीनं कळवलं.

जयसिंहराव पुन्हा बाड्यावर उभे राहिले. "मला मरू दिलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "ज्याला भाऊ मानलं, त्यानं तुम्हाला फसवलं. मलाही फसवलं."

लोक तिथूनच गोरखी मोहल्ल्यात, रघुनाथरावांच्या घरावर गेले. एक दगड त्यांच्या आईच्या कपाळावर बसला. म्हातारी अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. पक्षानं त्यांना काढून टाकलं, अशिलांनी पाठ फिरवली. ते कोणाला एक शब्द बोलले नाहीत.

"अहो, तुमचा जीव वाचावा म्हणूनच भाऊजींनी केलं असेल," कुमुदिनी एकदा जेवताना म्हणाली.

"असेल. पण लबाडीला माझ्याकडे माफी नाही, कुमुद."

ती पोळी वाढायला उठली.

पुढच्या निवडणुकीत जयसिंहराव प्रचंड मतांनी निवडून आले. मंत्रिपद मिळालं. भोपाळला बंगला मिळाला. सामान बांधून झालं तेव्हा कुमुदिनी कोणाला न सांगता नई सडकेवर गेली. रघुनाथराव आता मेहुण्याच्या कापडाच्या दुकानात बसत. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. केस पांढरे झाले होते. तिला बघून ते गडबडीनं उठले.

"बसा, वहिनी. पाणी आणतो."

"पाणी नको, भाऊजी. आईंच्या वेळीही मी आले नाही. तोंड नव्हतं दाखवायला."

"झालं ते झालं."

"नाही झालं. आज संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगणार आहे. मी हो म्हटलं म्हणून तुम्ही दिल्लीला गेलात. एकट्या तुम्हीच का भोगायचं?"

"नका सांगू."

"रागावतील ना? रागावू देत. घराबाहेर काढतील, काढू देत. पण त्यांना खरं कळलं की ते स्वतः बाड्यावर उभे राहून तुमची माफी मागतील. इतकी वर्षं ओळखते मी त्यांना."

रघुनाथराव गादीवरच्या कापडाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. मग त्यांनी ती बाजूला ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचा होकार आणायला मला त्यानंच पाठवलं होतं."