दुसरी बाजू

यॉर्कशायरमधल्या आमच्या गावातून हॉस्पिटलला जाणारी बस सरकारनं बंद केली, म्हणून निषेधाला अख्ख्या गावानं रिकाम्या स्टॉपवर रांग लावली. टीव्हीवाली पोरगी आली. सगळ्यांचं ऐकून म्हणाली, "बस गेली ते बरं झालं म्हणणारं कुणी आहे का? बातमीत दोन्ही बाजू लागतात." "अगं, दुसरी बाजू असेल तर देऊ!" रांगेतली मॉरीन करवादली. शेवटी टॅक्सीत सँडविच खाणारा ट्रेव्हर सापडला. "धंदा वाढलाय माझा," तो म्हणाला. "पण बस आणा बाई परत. आजारी माणसाकडून भाडं घ्यायची लाज वाटते." संध्याकाळी पबमध्ये बातमी पाहिली. ट्रेव्हरचं पहिलं वाक्य तेवढं दाखवलं. आम्हीच दारोदार फिरून निवडून आणलेले मंत्री म्हणाले, "गाव दोन मतांत विभागलंय. घाई नको, समिती नेमू." ट्रेव्हरनं ग्लास खाली ठेवला. "म्हणजे अर्धं गाव मी एकटाच?"