सोन्याची तार

"बाबा, आईला पैलतीरावर न्यायला माणसं आलीत."

"थांबू दे त्यांना," फॅरोच्या राजवाड्यातला म्हातारा दंतवैद्य म्हणाला. बायकोच्या निखळलेल्या दाढेला त्याने बारीक भोक पाडलं होतं. आता त्यातून सोन्याची तार ओवून तो ती शेजारच्या दाढेला बांधत होता.

लेक चिडली. "हे ती जिवंत असताना का नाही केलंत?"

"करू दिलं असतं तर ना! माझी हत्यारं दिसली की पळायची. वर्षानुवर्षं भाकरी बिअरमध्ये बुडवून खाल्ली, पण माझ्यासमोर तोंड उघडलं नाही." त्याने तार शेजारच्या दाढेभोवती फिरवली. "मेलेल्यांच्या देशात माणूस धड जायला हवा. आणि तिथली भाकरीही अशीच वाळूनं कचकचत असली, तर ही चावणार कशानं?"

लेकीने आईचं डोकं हलकेच मांडीवर घेतलं.

तारेला शेवटचा पीळ द्यायचा राहिला होता. इथे भलेभले कळवळायचे. म्हाताऱ्याने बायकोचा थंड हात उचलून आपल्या मनगटावर ठेवला आणि रोजच्या सवयीने म्हणाला, "दुखलं तर दाब हं."

मग त्याने तार पिळली, तीही थांबत थांबत, तिच्या बोटांकडे बघत.