बाचा राघू

"मंडळी यायच्या आत हा राघू घरात नोको," केवलराम म्हणाला आणि सदऱ्याची बटनं लावू लागला.

पंचफुला पीठ मळता मळता थांबली. संध्याकाळी बुद्धवंदनेला क्वार्टरांच्या लाइनीतली सगळी माणसं पहिल्यांदाच त्यांच्या क्वार्टरवर येणार होती. केवलराम सकाळपासून भिंती पुसत होता. आणि व्हरांड्यात टांगलेला राघू, दारात कोणीही आलं की, मान खाली घालून म्हणायचा, "जोहार मायबाप."

म्हणायचा तोही सासऱ्याच्या आवाजात. मागच्या खोकल्यासकट. दूधवाला पहिल्या दिवशी नुसता दचकला होता. दुसऱ्या दिवसापासून मायबाप झाल्याच्या तोऱ्यात माप कमी घालू लागला.

बापाच्या, देवाजीच्या मातीला गेलेला केवलराम गावाहून हा पिंजरा आणि म्हाताऱ्याचा एक दुपट्टा घेऊन परतला होता. शेजारच्या भागीरथाबाईनं दोन्ही त्याच्या हातात ठेवून म्हटलं होतं, "बुढ्याचं एवढंच उरलं बाप्पा." टाकता येईना म्हणून आणलं. आणलं, आणि आता ठेवता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"दयाराम येऊन राहिला," केवलराम म्हणाला. "त्याच्या गावाले, अहिवाऱ्याले घेऊन जाते राघूले."

"मी शिकवीन त्याले जय भीम."

"महिना झाला तुले शिकवता."

ते खरं होतं. राघूनं तिच्या मिरच्या खाल्ल्या, पेरू खाल्ले, शब्द तेवढा घेतला नाही. तरी दिवसभर या दोन खोल्यांत तिच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? नवरा पोलादाच्या प्लांटात, शेजारीण तेलुगू बोलणारी. दुपारी राघू खोकला की तिचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे जाई. सासऱ्यानं तिला कधी अरे की कारे केलं नव्हतं. पण त्याची बाजू घेऊन बोलायला तिला या घरात कधी तोंडही नव्हतं.

"बा गेले आता," ती एवढंच म्हणाली. "आता कायचा राग धरता?"

"कायचा?" केवलरामच्या हातातलं बटन तसंच राहिलं. "दीक्षा घेतली माणसानं. आमच्यासंगं पांढरे कपडे घालून घेतली. अन् दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं मालगुजाराच्या फाटकाबाहेर, चपला हातात. जोहार मायबाप. मी तवाच सांगतलं बाले, तोंडातून जोहार गेला तवाच माह्या घरी या."

म्हातारा आला नाही. भिलाईत पोराचं पक्कं क्वार्टर झालं, नळ आला, वीज आली, पण म्हाताऱ्यानं इकडं यायला कधी दुर्गचं तिकीट काढलं नाही. आला तो त्याचा राघू, आणि तोही जोहार घालतच.

बाहेर सायकलची घंटी वाजली. "चल भाई, देर होवत हे," दयारामनं हाक दिली.

राघूनं मान खाली घातली. "जोहार मायबाप."

"ऐकलं?" केवलराम म्हणाला. त्यानं पिंजरा काढून आत आणला आणि जमिनीवर ठेवला.

पंचफुलानं हात धुतले. सायकलवर बिचकू नये म्हणून सासऱ्याचा तो दुपट्टा पिंजऱ्यावर टाकला, चारी बाजूंनी खोचला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की इथं आल्यापासून या जीवानं अंधार पाहिलाच नव्हता. मांजराच्या भीतीनं व्हरांड्यातला दिवा रात्रभर जळे. दिवा गेला तरी प्लांटातल्या भट्टीचा तापलेला रस ओतला की अख्खं आभाळ लाल. गावी मात्र दिवेलागणीला म्हातारा याच दुपट्ट्यानं पिंजरा झाकी आणि रॉकेल वाचवत अंधारातच त्याच्याजवळ बसून राही.

केवलरामनं पिंजऱ्याच्या कडीला हात घातला.

"जय भीम," दुपट्ट्याखालून आवाज आला. अगदी हळू.

पंचफुलाच्या तोंडावर हसू आलं. शिकला की! पण पुढचा शब्द आला आणि ते हसू तिथंच राहिलं.

"जय भीम, मालक."

मालक तिनं शिकवलं नव्हतं. आवाजही तिचा नव्हता.

केवलरामचा हात कडीवर तसाच राहिला. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, छाती भरून घेतल्यासारखं, "जय भीम, मालक." मग तिसऱ्यांदा, पण या वेळी अर्ध्यातच खोकला लागला. खोकला सरल्यावर म्हाताऱ्याचा थकलेला आवाज कोणाला तरी सांगत होता, "नाही निघत बे, राघू. फाटकापाशी नाही निघत."

केवलराम खाली बसला. नवी पांढरी विजार सांडलेल्या पिठात माखली, त्याचं त्याला भान नव्हतं. जोहार गेल्याशिवाय येऊ नका म्हणणारा तो, आणि अंधारात बसून पाखरापुढे तालीम करणारा त्याचा बाप. पंचफुलाला दोघांचीही दया आली, आणि कोणाला जवळ घ्यावं ते कळेना.

"भाई!" बाहेर पुन्हा घंटी वाजली. लाइनीच्या टोकाकडून माणसांचे आवाजही येऊ लागले होते.

"दयारामले सांग, जा म्हना," केवलराम म्हणाला.

तिनं दारातून सांगितलं आणि परत आली. पिंजरा पुन्हा टांगायचा म्हणून दुपट्ट्याचं टोक धरलं. केवलरामनं तिचा हात पकडला.

"राहू दे झाकलेलं," तो म्हणाला. "उजेडात बाची हिंमत नाही होत."