दह्याचा गुण

हेडमास्तर रोज सकाळी पेलाभर दूध पीत आणि दुपारी पोट धरून बसत. "तुझ्या हातचं खाऊन आतड्यांची पार वाट लागली," हे बायकोला ऐकवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. तिने आधी तिखट कमी केलं, मग तेल, मग मीठ. पोट काही ऐकेना.

शेवटी तीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"तुम्हाला दुधातली साखर पचत नाही. दूध बंद करा, दही खा," डॉक्टर म्हणाले.

"दहीसुद्धा दुधाचंच ना?" हेडमास्तरांनी उलटतपासणी घेतली.

"हो, पण दह्यातले जंतू त्यातली थोडी साखर आधीच फस्त करतात आणि उरलेली पचवायलाही हातभार लावतात."

दूध सुटलं. बायको रोज संध्याकाळी न चुकता विरजण लावू लागली. पंधरा दिवसांत पोट असं गप्प झालं, की हेडमास्तर जेवून उठल्यावर चक्क गुणगुणू लागले.

मुलीने तब्येत विचारायला फोन केला, तेव्हा बायको शेजारीच दह्याची वाटी घेऊन उभी होती.

 

"एकदम ठणठणीत!" हेडमास्तर म्हणाले. "चाळीस वर्षांनी का होईना, तुझ्या आईला स्वयंपाक जमायला लागलाय."